कथा कधी लिहिता, काय वाचता, पोट कशावर चालतं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला व्हॉट्सअॅपवर येतात, वाचनालयाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना येतात, लग्नाच्या पंगतीत येतात आणि अमळनेर-धरणगाव गाडीत खिडकीची जागा मिळाली रे मिळाली की हमखास येतात. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. ओळख थोडक्यात: राहते अमळनेरला, धरणगावच्या बाजूला एका जिनिंगमधे, म्हणजे कापसातलं बी, सरकी, काढून रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, हिशेब बघते, आणि कथा लिहिते, त्या बहुतेक दिवाळी अंकांत येतात.

रोज लिहिता का?

नाही. रोज वाचते. लोकांना हे उत्तर फारसं पटत नाही, त्यांना पहाटे उठून हजार शब्द वगैरे ऐकायचं असतं. माझं लिहिणं वर्षातले काही महिनेच चालतं, बाकी वर्षभर जे चालतं ते वाचणं, आणि त्यातही मुख्यतः कथा. शिस्त म्हणाल तर एवढीच, की दिवसाला एक कथा वाचायची आणि एकच वाचायची, कितीही मोह झाला तरी दुसरीला हात लावायचा नाही. यावर पुढे सविस्तर लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात.

मग दिवस कसा असतो? टाइमटेबल सांगा ना

सीझनवर आहे. आमच्या वर्षाचे दोनच भाग, कापूस सुरू आणि कापूस बंद. दसऱ्याच्या आगेमागे वेचणी लागते, दिवाळीपासून जिनिंगच्या गेटवर गाड्यांची रांग सुरू होते ती पार मार्च-एप्रिलपर्यंत. त्या काळात सकाळची गाडी पकडायची, दिवसभर वजनाचा काटा, मालाच्या पट्ट्या म्हणजे बिलं, टॅली, जीएसटी, आणि संध्याकाळी घरी आल्यावर नाकाडोळ्यातली कापसाची धूळ धुवून स्वयंपाकाला लागायचं. या दिवसांत मी कथा लिहीत नाही आणि लिहीत नाही याचं वाईटही वाटून घेत नाही. गाडीत जाताना एक कथा वाचून होते, अर्धा-पाऊण तास मिळतो, बहुतेक कथांना तेवढा पुरतो. येताना वाचत नाही, येताना सकाळचीच डोक्यात घोळवते, नाहीतर शेजारची बाई बोलायला लागते तिचं ऐकते, तेही काही कमी नसतं.

मे लागला की जिनिंग बंद, मशीनची दुरुस्ती चालू, ऑफिस निम्मा दिवस. आणि नेमके त्याच सुमाराला संपादकांचे मेसेज यायला लागतात, ताई यंदा कथा हवी, जुलैअखेर द्या, फार तर ऑगस्टचा पहिला आठवडा. म्हणजे कापसाचं कॅलेंडर आणि दिवाळी अंकाचं कॅलेंडर एकमेकांना अगदी सोयीचं आहे, हे माझं नशीब. तेव्हा मात्र पहाटे साडेचारला उठते. यात काही साधना वगैरे नाही भो, मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, दहानंतर पंखा नुसती गरम हवा फिरवतो आणि कूलर लावला तर त्याच्या घरघरीत मला माझंच वाक्य ऐकू येत नाही. त्यामुळे साडेचार ते सात एवढीच वेळ हातात असते. त्यात नळाचा दिवस असला तर मधेच उठून पाणी भरावं लागतं, तोवर कथेतली बाई जिथे असेल तिथे उभी राहते.

दुपारी झोप. संध्याकाळी सकाळचं लिहिलेलं मोठ्यानं वाचते, खोडते. रात्री नवीन काही लिहीत नाही.

सीझनमधे अजिबातच लिहीत नाही? मग सुचलेलं विसरत नाही का?

टिपणं करते, काटा पावतीच्या मागे. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, भुईकाट्यावर भरलेली गाडी चढली की एक वजन येतं, माल खाली करून रिकामी गाडी आली की दुसरं, वजाबाकी करून निव्वळ माल. पावतीवर एवढंच असतं, तीन आकडे, गाडी नंबर, तारीख, वेळ. प्रिंटर अडकून वाया गेलेल्या पावत्यांची पाठ कोरी असते, त्या मी ड्रॉवरमधे जमवते.

एका पावतीवर एकच गोष्ट लिहायची. तीही फक्त दिसलेली किंवा ऐकलेली, माझं मत नाही. 'बिचारा', 'उदास', 'हताश' असं काही त्यात येऊ द्यायचं नाही, कारण मे महिन्यात पावती हातात घेतली की 'हताश' वाचून काहीच आठवत नाही, पण 'पैसे मोजताना दोनदा थांबला, दोन्ही वेळा पोराकडे बघितलं' असं असेल तर अख्खा माणूस समोर येतो. सीझन संपल्यावर सगळ्या पावत्या पलंगावर पसरते. ज्या वाचून काहीच होत नाही त्या फेकते. बऱ्याच फेकल्या जातात.

कथा सुचते कशी? एखादं उदाहरण द्या

एक देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सीझनच्या ऐन गर्दीत एक आबा ट्रॅक्टर घेऊन आले. माल झकास, कोरडा, पांढराशुभ्र. काटा झाला, माल खाली झाला, मी पट्टी करायला घेतली तेवढ्यात ते खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "बेटा, याच्या दोन पट्ट्या कर. एक माझ्या नावाची, एक पोरीच्या नावाची." मी म्हटलं निम्मीनिम्मी का. ते जरा थांबले, बाहेर बघितलं. बाहेर त्यांचा मुलगा ट्रॅक्टरवर बसून मोबाइल बघत होता. मग म्हणाले, "निम्मी नको. तिची दोन क्विंटल कमी कर. ट्रॅक्टरचं भाडं धर त्याच्यात."

झालं एवढंच. मी काही विचारलं नाही. पोरगी सासरी आहे की माहेरी परत आलीय, तिचा शेतात हिस्सा आहे की आबांनी मनानंच ठरवलंय, काहीही नाही. पावतीच्या मागे लिहिलं, 'पोरीची दोन क्विंटल कमी, भाडं'. मला त्यातलं भाडं सोडवेना. मुलीला द्यायचंय, मुलापासून लपवायचंय, आणि तरी हिशेब चोख ठेवायचाय, मुलाचा ट्रॅक्टर वापरला तर त्याचं भाडं मुलीच्या मालातून कापायचं. हा माणूस चोरी करतोय आणि चोरीतही न्यायानं वागतोय.

पुढे लिहायला बसले तेव्हा खिडकीतली हिशेबनीस काढूनच टाकली. तिला नुसतं दिसतं, तिचं जातं काय? कथा ट्रॅक्टरवरच्या मुलाची केली. त्याला सगळं माहीत आहे आणि म्हणूनच तो मोबाइलमधे डोकं घालून बसलाय, कारण एकदा का मान वर केली की माहीत आहे हे कबूल करावं लागेल. हे सापडलं तिथे कथा सापडली, बाकी ओलावा कसा मोजतात, भाव कसा पाडतात वगैरे पानं लिहिलेली सगळी गेली.

कथा वाचायची म्हणजे कशी? कादंबरीसारखीच ना?

नाही, आणि इथेच घोळ होतो. लोक कथासंग्रह घेतात, पहिल्या पानापासून सुरू करतात, रात्रीत चार कथा वाचतात आणि सकाळी सांगतात की बरा होता पण सगळ्या कथा सारख्याच वाटल्या. वाटणारच. कादंबरीत लेखक तुम्हाला पुन्हा पुन्हा आठवण करून देतो, हा कोण, ती कुठली, मागे काय झालं होतं. कथेत तेवढी जागा नसते. एक वाक्य एकदाच येतं, ते निसटलं की निसटलं. आणि कथा संपते तेव्हा तिचा अर्धा भाग अजून तुमच्या डोक्यात व्हायचा असतो, तेवढ्यात तुम्ही पान उलटून दुसरीत शिरलात तर पहिली तिथेच मेली.

म्हणून एका दिवसात एक. एका बैठकीत. मधे फोन नाही. संग्रहातला क्रम पाळायचीही गरज नाही, मी नेहमी सगळ्यात छोट्या कथेपासून सुरू करते, लेखक किती काटकसरीनं वागतो ते तिथे कळतं.

आवडली तर दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा, हातात पेन्सिल घेऊन. पहिल्यांदा वाचताना काय झालं हे कळतं. दुसऱ्यांदा वाचताना ते मला कधी कळू दिलं हे बघायचं. कुठली गोष्ट लेखकाला पहिल्या परिच्छेदात माहीत होती आणि त्यानं तिसऱ्या पानापर्यंत दाबून ठेवली? काळ कुठे उडी मारतो, आणि उडी मारताना मधलं काय गाळलं? कोण बोलत नाही? चार माणसांच्या प्रसंगात एक जण गप्प असतो, त्याच्याकडे बघायचं, बरेचदा कथा त्याची असते. हे एवढं दहा कथांवर करून बघा, कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त मिळेल, आणि शिबिराची फी पण वाचेल.

मग माझी शेवटची परीक्षा म्हणजे सासूबाई. शेंगा फोडता फोडता, लसूण सोलता सोलता मी त्यांना वाचलेली कथा तोंडी सांगते. त्या अहिराणीतच ऐकतात असं म्हणायला हरकत नाही, मी मराठीत सांगितलं तरी. जिथे त्या "मंग काय जयं?" विचारतात तिथे कथा पकडतेय. जिथे त्या उठून गॅस बघायला जातात तिथे मी मनात खूण करते, आणि गंमत म्हणजे नावाजलेल्या कथांतही त्या नेमक्या वर्णनाच्या जागीच गॅस बघायला जातात. पण सावध, काही कथा सांगताच येत नाहीत. जी. ए. कुलकर्ण्यांची एक सांगायला गेले तर सगळे प्रसंग सांगून झाले आणि हातात काहीच राहिलं नाही, ती वाचायचीच असते. त्यामुळे ही परीक्षा नापास म्हणजे कथा वाईट असं नाही, एवढंच कळतं की ही कथा प्रसंगावर उभी नाही, दुसऱ्या कशावर तरी उभी आहे. कशावर, ते शोधायला तिसऱ्यांदा वाचायची.

कुणाकुणाला वाचू? यादी द्या

यादी नको, पण जाऊ द्या, काही नावं देते. १९४५ च्या आसपास सुरू झालेली नवकथा टाळून पुढे जाता येत नाही: गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर. यातल्या माडगूळकरांपासून सुरू करा, कमी बोलून कसं भागवायचं ते बघायला. गोखल्यांनी तर आयुष्यभर कथेचाच ध्यास घेतला. जी. ए. नंतर वाचा, घाईनं नको. बाबूराव बागूल वाचाच, 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं, आजही वाचून झाल्यावर काही वेळ बोलवत नाही. ते सुरतेला रेल्वेत नोकरीला होते आणि तिथे राहायला जागा मिळवायला जात लपवावी लागली होती. सुरत म्हणजे आमच्याच लाइनचं टोक, त्यामुळे मला तो संग्रह वाचताना दर वेळी आमची गाडीच दिसते.

बायकांच्या कथा म्हणून वेगळा कप्पा करायला मला आवडत नाही, पण लोक कमल देसाई, विजया राजाध्यक्ष, गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे यांच्याकडे उशिरा वळतात म्हणून मुद्दाम सांगते, आधी वळा. अलीकडचे म्हणाल तर जयंत पवार, भारत सासणे, आसाराम लोमटे. लोमट्यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी मिळाला, त्यांच्या कथा जरा लांब असतात, पण शेतीच्या भोवतीचं राजकारण वाचायचं तर तिथे.

बाहेरचं वाचायचं तर चेखव, अनुवाद मिळतात. आणि अॅलिस मन्रो, २०१३ चं नोबेल. कथेवर नोबेल मिळतं हे एका कॅनडातल्या बाईनं दाखवून दिलं, तरी आपल्याकडे अजून विचारतात की कादंबरी कधी लिहिताय.

कादंबरी कधी लिहिताय?

नाही लिहीत.

पण कादंबरीकार भालचंद्र नेमाडे तर कथेला क्षुद्र म्हणतात, आणि ते तर आपल्या खानदेशचेच!

हो, सांगवीचे. हा प्रश्न विचारताना लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो ना तो बघण्यासारखा असतो. माझी समजूत अशी आहे की त्यांचा राग नियतकालिकांच्या मागणीवर पोसलेल्या कथेवर जास्त होता, अंकाला पानं भरायला कथा हवी, म्हणून लिहिलेली कथा. त्यात तथ्य आहे. मी स्वतः जुलैअखेरच्या मेसेजवर लिहिते, मला माहीत नाही का! दिवाळी अंकासाठी लिहिताना हात आपोआप अडीच-तीन हजार शब्दांवर आटपायला लागतो, एखादा भावुक प्रसंग शेवटी टाकला की संपादक खूश होतील हे डोक्यात येतंच. पण म्हणून प्रकारच क्षुद्र, हे काही मला मान्य नाही. मागणीवर कादंबऱ्याही लिहितात की लोक.

दिवाळी अंकांना अजून कोण वाचतं?

तुम्ही-आम्ही. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि 'सत्यकथा' मासिक १९८२ ला बंद पडल्यानंतर मराठी कथेला वर्षातून एकदा का होईना जागा दिवाळी अंकांनीच दिली. मासिकं कमी झाली, अंक टिकले. त्यातले जाहिरातीचे गठ्ठे बाजूला केले तर दरवर्षी चार-सहा चांगल्या कथा निघतात, त्या शोधण्यातच मजा आहे.

लिहून पोट भरतं का? नोकरी सोडून पूर्णवेळ लिहू का?

सोडू नका. पहिलं म्हणजे मानधन. कुठे पैसे येतात, कुठे नुसता अंक येतो, कुठे अंकही दोनदा फोन करून मागावा लागतो. एका अंकानं तर माझी कथा छापून मलाच जाहिरात मिळवून द्यायला सांगितलं होतं, जिनिंगच्या शेटची. नाव घेत नाही. जे अंक वेळेवर पैसे देतात त्यांना मी वेळेवर कथा देते, बाकीच्यांना उरलं तर.

दुसरं म्हणजे, बघा ना, मराठीत कथा लिहिणारे बहुतेक सगळे नोकरीवालेच. जी. ए. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, माडगूळकर आकाशवाणीत, जयंत पवार वर्तमानपत्रात, भारत सासणे प्रशासनात. अरविंद गोखले तर पुण्याच्या शेतकी कॉलेजात होते. तिकडे चेखव डॉक्टर. कथा हा प्रकार नोकरीच्या माणसाला झेपतो. कादंबरी महिनोन्महिने डोक्यावर बसून राहते, कथा आठ-पंधरा सकाळी मागते. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर जिनिंग सोडलं तर त्या खिडकीशी कोण वाकणार? घरी बसून मला फक्त घरी बसलेल्या बाईच्या कथा सुचतील.

अहिराणीत का लिहीत नाही?

लिहिते की, संवाद. निवेदन प्रमाण मराठीत, माणसं त्यांच्या बोलीत. आणि खानदेश म्हटलं की सगळे अहिराणीच धरून चालतात, तसं नाहीये. अमळनेर, पारोळा, धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे गेलात की लेवा गणबोली, नंदुरबारच्या वरच्या बाजूला भिली-पावरी. मी फक्त जी कानावर रोज पडते तीच वापरते, दुसरी वापरायची तर त्या गावच्या माणसाकडून वाचून घेते.

किती वापरायची हा खरा प्रश्न आहे. माझा अंदाज असा, की पुण्याच्या वाचकाला एखादा शब्द अडला तरी चालेल पण वाक्याचा रोख अडता कामा नये. म्हणून लांब संवाद बोलीत देत नाही, छोटे देते. आणि कंसात अर्थ देत नाही, कथेत कंस आला की माणूस बोलायचा थांबतो आणि मास्तर बोलायला लागतो. एकदा एका प्रूफरीडरनं माझे सगळे 'शे' काढून 'आहे' केले होते, शुद्धलेखन म्हणून! अमळनेरची म्हातारी एकदम सदाशिव पेठेत राहायला गेली. तेव्हापासून कथा पाठवताना वर मोठ्या अक्षरात लिहिते की बोली सुधारू नये.

मूड लागत नसेल तर?

वाचा. तरी नसेल लागत तर भांडी घासा. बहिणाबाईंचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, पण लोक एक गोष्ट विसरतात की त्या ओव्या कागदावर त्यांनी उतरवल्याच नव्हत्या, त्यांना लिहिता येत नव्हतं. कामात त्या रचत गेल्या, मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं लिहून घेतल्या, आणि पुस्तक आलं १९५२ ला, त्या गेल्यानंतर. रचायला टेबल लागत नाही. उतरवायला लागतं, आणि त्याला मूड लागत नाही.

हातानं लिहिता की मोबाइलवर?

पहिला खर्डा हातानं, पाठकोऱ्या कागदावर, ऑफिसातून रद्दीत जाणारे आणते. मग मोबाइलवर टाइप करते, टाइप करतानाच निम्मं सुधारतं कारण अंगठे दुखतात आणि जास्तीची वाक्यं टाइप करायचा कंटाळा येतो. बोलून टाइप करायची सोय छान आहे पण तिला अहिराणी येत नाही, काहीच्या काही उमटतं. संपादकांना युनिकोडमधे पाठवते, हल्ली सगळेच घेतात.

कथा किती शब्दांची असावी? आणि कापायची कशी?

अंकासाठी अडीच-तीन हजार. माझा खर्डा त्याच्या जवळपास तिप्पट असतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, आणि माझ्या कथेचा उतारा जवळपास तेवढाच पडतो. सरकी कुणी फेकत नाही, तिचं तेल निघतं, पेंड होते, त्यामुळे कापलेलं मीही वेगळ्या फाइलमधे ठेवते. त्यातून दोन-तीन वर्षांनी वेगळीच कथा निघालेली आहे.

काय कापायचं? आधी पहिला परिच्छेद. बहुतेक वेळा तो लेखकाला घसा साफ करायला लागलेला असतो, वाचकाला लागत नाही. मग पात्राला काय वाटलं ते सांगणारी वाक्यं, जिथे त्यानं काय केलं हे आधीच आलंय तिथली. मग हवामान.

शेवट कसा करायचा? धक्का हवाच ना?

नको. धक्क्याची कथा एकदाच वाचता येते. ती वाईट असते असं नाही, पण दुसऱ्यांदा वाचायला गेलं की नुसती यंत्रणा दिसते. ट्रॅक्टरवाल्या कथेत मी खूप वेळ अडकले होते, मुलानं घरी जाऊन भांडण करायचं का, बहिणीला फोन करायचा का, बापाला माफ करायचं का. शेवटी एवढंच ठेवलं की परतताना बाप म्हणतो डिझेल भरून घे, आणि मुलगा म्हणतो भाडं मिळालं का. बाप हो म्हणतो. संपली. एका संपादकांना कळलंच नाही, त्यांनी फोन करून विचारलं ताई पुढचं पान राहिलं का.

साहित्य संमेलनाचा काही फायदा होतो का?

अमळनेरला १९५२ नंतर थेट २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय संमेलन झालं, ९७ वं, आणि त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही होतं. मी दोन्हीकडे गेले, गाव तेच असल्यामुळे चालत. फायदा म्हणाल तर पुस्तकांचे स्टॉल. मांडवातली भाषणं ऐकून कथा सुधारत नाही, पण स्टॉलवर उभ्या उभ्या एखाद्या अनोळखी लेखकाची छोटी कथा वाचून बघता येते, विक्रेते फारसं काही म्हणत नाहीत.

पुस्तकं कुठून आणता? एवढी विकत घेता का?

नाही परवडत. वाचनालय. जळगावला गेले की व. वा. वाचनालयात चक्कर असतेच, आणि बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरून सगळे अंक आळीपाळीनं वाचता येतात, ती सोय वापरा. मार्चनंतर जा, तेव्हा अंकांना गर्दी नसते. जुने अंक रद्दीत निघतात तेव्हा ग्रंथपालांना आधी सांगून ठेवा. विकत फक्त तेच घेते जे तिसऱ्यांदा वाचावंसं वाटलं.

माझी कथा वाचून अभिप्राय द्याल का?

देईन, पण अटी आहेत. मे ते ऑगस्ट नको. कथा एकच पाठवा, संग्रह पाठवू नका. तीन हजार शब्दांच्या आत. कवितेसारखी ओळी तोडून व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, फाइल करा. पाठवण्याआधी घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, ज्यांना साहित्याशी काही देणंघेणं नाही अशांना, आणि ते कुठे उठून गेले ते मला लिहून कळवा. हे शेवटचं कुणीच करत नाही, पण जे करतात त्यांची कथा मी आधी वाचते. उत्तर यायला सीझनमधे उशीर होईल, रविवारी संध्याकाळी देते. "कशी वाटली?" असे रोज मेसेज आले तर रांगेत मागे टाकते.